सगळे नर

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगवाली म्हणत. लागली होती फरशी पुसायला, पण बावीस वर्षांनी गांधीलमाश्या वाढवण्यात तिचा हात धरणारं कोणी उरलं नव्हतं. या गांधीलमाश्या डंख मारणाऱ्या नव्हेत, टाचणीच्या डोक्यावर दोन-तीन सहज मावतील एवढ्या. यांची मादी कोबीवरच्या पतंगाच्या अंड्याला भोक पाडून आत आपलं अंडं घालते. तिची अळी आतला गर फस्त करते, चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं आणि आठवड्याने त्यातून गांधीलमाशीच बाहेर येते. अशी काळी अंडी चिकटवलेली कार्डं मळ्यांवर जात. मग कोबीवर औषध फवारायची गरज पडत नसे.

उन्हाळ्यात एसी दोन दिवस बंद पडला. पुढच्या पिढीची अंडी नेहमीसारखी काळी झाली, पण भिंगवालीने नमुन्याच्या बाटलीतल्या माश्या भिंगाखाली धरल्या तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या मिशा केसाळ दिसल्या. म्हणजे सगळे नर. शंभरात जेमतेम चार माद्या.

ती तडक नव्या साहेबांकडे गेली. "ही कार्डं पाठवू नका."

"अंडी काळी आहेत ना?"

"आहेत. पण नर अंडी घालत नाहीत, साहेब. दोन दिवस उडतील आणि मरतील. कोबी अळ्यांच्या घशात जाईल."

"सगळे नर कसे होतील?"

"फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर. उकाड्याने बापांचं बीजच मेलं."

"हे कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"इथेच. फरशी पुसता पुसता."

साहेबांनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. "सही करा."

"नाही करणार."

दुसऱ्या दिवशी तिला खोकी चिकटवायला बसवलं. सही साहेबांनीच ठोकली आणि कार्डं गेली. संध्याकाळी जावेने सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली. "सगळे नर असले की काम होत नाही, हे तू साहेबाला तोंडावर सांगितलंस?" मग गंभीर होऊन म्हणाली, "कशाला अंगावर ओढून घेतेस गं?"

भिंगवालीने वहीतून मळेवाल्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. "एक कार्ड बाटलीत ठेवा. निघालेल्या माश्यांना कोबीवरची पतंगाची ताजी अंडी द्या. चार दिवसांत काळी झाली नाहीत, तर मी खरं बोलले."

अंडी जवळजवळ सगळी पांढरीच राहिली. चौदा मळ्यांनी कार्डं परत पाठवली. वरून चौकशी आली आणि गांधीलमाश्यांचं नवं वाण आणायचं ठरलं. ते आणणार कोण? फवारा न मारलेल्या बांधावर तीच गेली. पानं उलटून उलटून काळी अंडी शोधली आणि सहा आठवड्यांत भरपूर माद्यांची पिढी उभी केली.

टेबल परत मिळालं. पण परस्पर फोन केले म्हणून माफीनामा लिहून द्यायचं फर्मानही निघालं. कारकून दर सोमवारी कोरा कागद आणून ठेवतो. भिंगवाली त्याच्यावर त्या दिवशीच्या नर-माद्यांची मोजणी लिहिते आणि खाली झोकात सही करून परत पाठवते.