भूकंपमापकासाठी शांत जागा

आमच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा अमरावतीतल्या आमच्या कॉलेजने अकोल्यापर्यंत ठिकठिकाणी भूकंपमापक बसवायचं ठरवलं. एकच धक्का वेगवेगळ्या ठिकाणी किती वेळाच्या अंतराने पोचला, यावरून तो कुठून आला ते काढता येतं. चांदूर बाजारकडे जागा हवी होती. वर्गात मी सहसा बोलत नाही, पण तेव्हा हात वर केला. माझं गाव तिकडचंच, आणि घराचा गोठा रिकामाच होता.

यंत्र बसलं. पण दिवसा कॉलेजातल्या पडद्यावरची रेघ दाट काळी यायची. हे काम बघणाऱ्या सरांनी विचारलं, "हे काय आहे?"

मला लगेच कळलं. गोठ्याच्या भिंतीपलीकडे शेजारच्या चाचांची कापूस पिंजायची मशीन होती. गाद्या-रजया हेच त्यांचं काम, आणि ते हिवाळ्याचे दिवस होते.

"बंद करायला सांगतो, सर," मी म्हणालो. सरांनी तसं सांगितलं नव्हतं.

चाचांनी ऐकून घेतलं. "तुह्या मशीनले मही मशीन खपत नाई का?" ते हसले. "किती दिवस?"

"सर म्हणतील तवरी."

"बरं बाबा. झोपू दे तिले."

त्यांनी खरंच मशीनचा पट्टा उतरवून ठेवला. कॉलेजात रेघ बारीक झाली, सर म्हणाले, "छान." अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या खोलीवर मी त्या शब्दावर खुशीत राहिलो.

संक्रांतीला घरी गेलो, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चाचानं लगीनघरच्या गाद्या वापस केल्या. कापूस हातगाडीवर चांदूरले नेऊन पिंजून आनते बिचारा. तुले सांगू नोको म्हने, पोराच्या कालेजचं काम हाय."

चाचांना काम थांबवा म्हणताना माझी जीभ अडखळली नव्हती. सरांना 'दुसरी जागा बघू का' एवढं विचारायला मात्र ती उचलली नव्हती.

परतल्यावर विचारलं. वाक्य मनात घोकूनही अडखळलोच. सर म्हणाले, "एवढंच? अरे, आधी बोलायचं. गावाबाहेर हलवू. नवी जागा नोंदवली की झालं."

अर्ध्या दिवसात यंत्र हललं. मी चाचांकडे गेलो. ते सुईने गादीला टाके घालत होते.

"चाचा, मशीन चालू करा. आमचं यंत्र नेलं इथून."

त्यांची सुई थांबली. "काऊन? साहेब बोलले का तुले? कोनी मशीन चालवली का? आमी तं हात नाई लावला."

"नाई, चाचा. ते आधीच हलवता येत होतं. मीच साहेबाले विचारलं नव्हतं."

मला वाटलं, आता तरी चाचांनी रागवावं. त्यांनी मशीनवरचं पोतं काढलं, पट्टा चढवला.

"जाय, मायले सांग, वाळत घातलेले कपडे उचल म्हना. कापूस उडते," ते म्हणाले.

मी कपडे उचलायला गेलो. मान वर करून त्यांच्याकडे बघणं जमलं नाही.