जीपचा वायपर आणि विमानाचा काटा

दहिवलीचा धर्माजी रेडिओ दुरुस्ती शिकला आणि मुंबईत वैमानिकांच्या सिम्युलेटरवर कामाला लागला. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच पक्कं बसवलेलं कॉकपिट. ढगांतून उतरताना धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवर एक काटा हलतो, त्यावरून विमान रेषेत आहे की नाही ते कळतं. इथे तो सिग्नल नकली असे.

पण तो फारच सरळ होता. शिकवणारे कॅप्टन एकदा म्हणाले, "खरा काटा असा गुणी नसतो, धर्माजी. अँटेनासमोरून एखादा ट्रक गेला तरी झुलतो, आणि शिकाऊ पोरं त्याच्यामागे विमान वळवत बसतात. ते झुलणं इथे आणता येईल?"

धर्माजीने नकली सिग्नलचं बटण हाताने फिरवून पाहिलं. काटा हिसके देई. बाहेर कोणीतरी बटण फिरवतंय हे पोरं लगेच ओळखत.

रविवारी तो गावाकडे, चौक गावी ओळखीच्या कोंडीराम मिस्त्रीच्या गॅरेजात बसला होता. समोरच्या जीपचा वायपर संथपणे चालला होता. धर्माजी बघतच राहिला.

"दादा, अशी एक मोटर मला पायजे."

"विमानाला वायपर लावतोस का रं?" कोंडीराम हसला.

धर्माजीने सगळं सांगितलं, तसं त्याने हसणं आवरलं आणि पत्र्याची चकती कापायला घेतली. कडेला कानशीने उंचसखल लाटा काढल्या. मोटर चकती फिरवणार, कडेवर टेकलेला दांडा वरखाली होणार आणि त्याला जोडलेलं बटण सिग्नल हळूच बिघडवणार. पहिली चकती फसली, काटा हिसकेच देत राहिला.

"दुसरी करू. पत्रा हाय की."

दुसरीने काटा झुलला. कॅप्टन म्हणाले, "हाच तो!" मग पोरं काट्यामागे धावायचं सोडून उंची आणि दिशा ताडून बघायला शिकली, शंका आली की विमान पुन्हा वर घ्यायला शिकली.

पुढे एका पावसाळ्यात त्यांतलाच एक वैमानिक भेटायला आला. खऱ्या ढगांत त्याचा काटा झुलला होता, उंची जुळत नव्हती. त्याने विमान वर घेतलं आणि दुसऱ्या खेपेला नीट उतरवलं. त्याने धर्माजीचे पुन्हा पुन्हा आभार मानले.

एवढे आभार एकट्याने घेणं धर्माजीला जमेना. त्याने वैमानिकाला थेट चौकला नेलं आणि कोंडीरामला सगळं सांगायला लावलं.

"किती माणसं व्हती आत?" कोंडीरामने विचारलं.

"चाळीसेक."

ग्रीसचे हात पुसून कोंडीरामने वैमानिकाचा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.