तिसऱ्या गिअरवरचा हात

बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दहा वाजता येतो असा फोन करूनच आम्ही गेलो होतो. मग दहाच्या आधी ही गाडी कोणी चालवली, आणि कशाला? मी तसं विचारलंही. जुन्या गाड्या विकणारे ते मालक हसून म्हणाले, "अम्मा, आपके वास्तेच तो तयार रखे. मेहमानां को ठंडी गाडी कैसा दिखाना?" माणूस इतका गोड बोलायचा की त्यांनी मागवलेल्या चहात साखर नसती तरी चाललं असतं. माझं एक आहे, कुणी फार गोड बोललं की मी पदर सावरून बसते.

माझं माहेर मराठवाड्यातलं. वडिलांनी विहिरीसाठी एकदा जुनं तेलाचं इंजिन घेतलं होतं. बघायला गेले तेव्हा ते आधीच सुरू करून ठेवलेलं, छान टुकटुक चाललेलं. घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारून मारून दोन गड्यांचे दंड भरून आले, इंजिन काही बोलेना. एकदा तापलं की मात्र शहाण्यासारखं चालायचं. उन्हाळाभर वडील पहाटे त्याला शिव्या घालत आणि दुपारी त्याचं कौतुक करत. हे सगळं मी परकर नेसायच्या वयात बघितलेलं, ते त्या गरम बॉनेटवर हात ठेवला आणि परत आठवलं.

गाडी कशाला हवी होती ते आधी सांगायला हवं होतं, राहिलंच. आमच्या यांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं शाबूत, टोमणे तर आधीपेक्षा धारदार. आठवड्यातून तीनदा यांना कुकटपल्लीहून कोठीला, शहराच्या पार दुसऱ्या भागात, फिजिओथेरपीला न्यायचं. बसमध्ये चढवणं शक्य नव्हतं. ऑटोवाले यांचा पाय बघून पुढे निघून जात, थांबले तर खड्ड्यांतून असं आदळत नेत की यांचा जीव मेटाकुटीला यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वर्षभरात जेवढं परत येईल तेवढंच येणार, खाडे करू नका. आणि आमचे तर खाडेच जास्त होत होते. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. म्हणून मी एक्कावन्नाव्या वर्षी मोटार चालवायला शिकले. शिकवणारा मास्तर डोक्याला हात लावायचा, "अम्मा, क्लच है वो, पापड नहीं! ऐसा मत तोडो!" पण शिकले.

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा दिवस असे आले होते की रस्त्यावर उठसूट कधी न बघितलेल्या तऱ्हेची गाडी दिसायची. लोक जुन्या काढत होते, नव्या घेत होते. आमच्यासारख्यांच्या वाट्याला त्या काढलेल्या. बाजार खुला झाला, खुला झाला असं सगळे आनंदाने सांगत, आणि मला वाटायचं, फसवणाऱ्यालाही खुलाच झाला असणार की.

मालकांकडे आमच्या ऐपतीतल्या दोनच गाड्या होत्या. एक छोटी, पेट्रोलची, डबीसारखी. दुसरी ऐसपैस, गोल पाठीची; बॉनेट गरम होतं ते हिचंच. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून त्या जागी परदेशातून आलेलं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं. आमचे भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, त्या दुसरीवर भाळले.

"वहिनी, इंजिन बाहेरचं आहे! आपल्याकडे असं बनत नाही. आणि डिझेल किती स्वस्त! ती छोटी काय, शिलाई मशीन आहे."

"शिलाई मशीन मला चालवता येतं," मी म्हटलं.

"दादाला पाय लांब करून बसता येईल हिच्यात."

हे मात्र खरं होतं. यांचा पाय छोट्या गाडीत अवघडायचा. यांनीही भावाची बाजू घेतली. "तुला ना, दूधवाल्याच्या म्हशीचासुद्धा संशय येतो," मला म्हणाले. आला होता खरा मला एकदा, पण ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी विचार करून सांगतो म्हटलं आणि निघालो. दोन दिवसांनी, फोनबिन न करता, सकाळी सातलाच दोघा भावांना घेऊन तिथे हजर झाले. सोबत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. घरातून कुठे महत्त्वाच्या कामाला निघताना देवापुढे गोड ठेवून तेच बरोबर घ्यायचं, ही सासूबाईंची पद्धत, ती मी मोडलेली नाही.

मालक अजून आले नव्हते. त्यांचे मिस्त्री दात घासत होते. मी सरळ गेले आणि त्या मोठ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. गार. म्हटलं, आता कळेल.

"चालू करके दिखाव जी."

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. एकदा घरघरलं, दुसऱ्या खेपेला लागलं. थोडा धूर, मग एकसारखा घोगरा आवाज. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

"झालं समाधान? आता माफी मागा इंजिनची."

मी खरंच ओशाळले. तरी आत कुठेतरी टोचतच होतं. मग कशाला तापवून ठेवली होती? तेवढ्यात मालक आले, पुन्हा चहा आला, आणि मिस्त्री आम्हांला इंजिनाची कुंडली सांगू लागले. त्या माणसाला दोन्ही हातांशिवाय बोलताच येत नव्हतं. पिस्टन खालीवर कसा जातो, तेल कसं फिरतं, सगळं हवेत काढून दाखवत होते. एकदा तर चहाचा पेलाच उडाला, भाऊजींच्या पँटवर.

मग फेरी मारायला निघालो. मालक म्हणाले, "अम्मा, आप पिछे आराम से बैठो." मी म्हटलं, उद्या ही चालवणार मी आहे, मिस्त्रींच्या शेजारी पुढेच बसते. दोघे भाऊ मागे. बंजारा हिल्सच्या बाजूच्या एका रिकाम्या उतारावर मिस्त्रींनी गाडी नेली. चढताना गाडी अशी ओढत होती की मीही मनातून विरघळले. माथ्यावरून वळलो, तिसऱ्या गिअरवर उतरायला लागलो. मिस्त्री बोलतच होते, पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जरा वेळाने लक्षात आलं. बोलताना त्यांचा उजवा हात तेवढा मधूनमधून स्टिअरिंगवरून उडत होता. डावा हात गिअरच्या दांड्यावर. घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

काय विचारणार? विचारलं असतं तर काहीतरी गोड उत्तर मिळालं असतं. मी डबा उघडला आणि वडी पुढे केली.

"प्रसाद है. लेव."

"बाद में लेतुं अम्मा."

"प्रसाद कू ना बोलते क्या?"

वडीलधाऱ्या बाईने पुढे केलेलं, त्यात देवाचं. आमच्या शहरात नाही म्हणवत नाही कुणाला. आणि असलं काही डाव्या हाताने कोण घेईल? त्यांनी उजवा हात पुढे केला. मग स्टिअरिंग धरायला डावा हात दांड्यावरून उचलावाच लागला.

खट्.

गिअर सुटून दांडा आपणहून मध्ये येऊन लुळा पडला. इंजिनाचा घोगरा आवाज एकदम मऊ झाला आणि गाडी उतारावर मोकळी सुटली. मिस्त्रींनी ब्रेक दाबला, तोंडात वडी तशीच. गाडी थांबली, पण मागे हे सीटवरून घसरून खाली आले. डाव्या हाताने धरता येत नाही ना. भाऊजींनी सावरलं, लागलं काही नाही. पण ते वडीचं माझं शहाणपण मला अजून खुपतं. यांना आधी उतरवायला हवं होतं.

मिस्त्री खालमानेने म्हणाले, "इंजिन अच्छा है अम्मा. झूट नहीं बोला मैं. गिअरबॉक्स पुरानाच है, पेट्रोलवाला. इत्ते बडे इंजिन का जोर झेलता नहीं."

आम्ही सगळे इंजिनाचीच नाडी बघत बसलो होतो. गाडी तापवून ठेवली होती ती मात्र गिअरबॉक्ससाठी. गार असताना त्यातलं तेल घट्ट, गिअर पडताना दात खातो म्हणे. त्या सकाळीही आमचा चहा होईपर्यंत गाडी चालूच ठेवली होती. भाऊजी पँटवरचा चहाचा डाग पुसत राहिले.

मी दुसरी वडी मिस्त्रींच्या हातावर ठेवली. "और वो छोटीवाली?"

ती वडी त्यांनी लगेच खाल्ली नाही. हातातच धरून म्हणाले, "वो ले लेव. सुबे सुबे पहला गिअर नखरे करता, हौ. मगर पकडा तो छोडता नहीं."

मालकांच्या एकाही शब्दावर ठेवला नसता तेवढा विश्वास मी त्या हातातल्या वडीवर ठेवला. तरीही छोटी गाडी तीनदा उतारावर नेली, यांना घरी ठेवून, आणि दांडा सोडून बघितलं. नाही सुटला.

पुढचं वर्षभर एकही खाडा झाला नाही. हे पुढे माझ्या डावीकडे बसत, पाय अवघडून, कुरकुरत. त्यांचा चांगला हात उजवा, तो नेमका गिअरच्या दांड्याशेजारी. कोठीच्या रस्त्यावर मी तिसरा टाकला की यांचा हात माझ्या हातावर येऊन बसायचा.

"हा सुटत नाही हो," मी म्हणायची.

"तू सांगतेस म्हणून?" हे म्हणायचे, आणि हात काही काढायचे नाहीत.