वास गेला तेव्हा

रावपुऱ्यातल्या निरुपमा शिर्के १९९३ साली बडोद्याबाहेरच्या एका खासगी गॅस शुद्धीकरण कारखान्यात केमिस्ट म्हणून लागल्या. सासूबाईंना, कौशल्याबाईंना, ती नोकरी मुळीच पसंत नव्हती. जमिनीतून येणाऱ्या गॅसमध्ये गंधकाचा विषारी वायू मिसळलेला असे. उंच मनोऱ्यात वरून रसायन सोडायचं, खालून गॅस. गॅस वर चढत असताना रसायन त्यातलं विष शोषून घेई. गॅस खरोखर स्वच्छ झाला का, हे निरुपमा तपासत. घरी आल्या की कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास.

"आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर," सासूबाई दारातच बजावत.

एका दुपारी पंपाजवळच्या खड्ड्यात व्हॉल्व्ह गळू लागला. जुने ऑपरेटर उदयसिंहराव घाईत मास्क न लावताच खाली उतरले. वर गोविंद नावाचा फिटर होता. निरुपमांनी वारा पाठीवर घेऊन काठीच्या टोकाला लावलेली, या वायूनं काळी पडणारी तपासणीची पट्टी खाली धरली.

"बेन, वास गेला. गळती थांबली," उदयसिंहराव खालून म्हणाले.

पट्टी मात्र काळीठिक्कर पडत चालली होती. हा वायू फार वाढला की आधी नाकच बधिर करतो.

"उदयसिंहराव, असाल तसे वर या."

ते दोन पायऱ्या चढले आणि मटकन खाली बसले.

तशीच उडी घ्यावी असं निरुपमांना वाटलं. पण मग दोघांनाही कुणीतरी बाहेर काढावं लागलं असतं. हवेच्या नळकांड्याचा मास्क चढवताना घाईत मागचा पट्टा लागेना. गोविंदनं तो लावून दिला, स्वतःही मास्क चढवला. दोघांनी उदयसिंहरावांना बखोटीला धरून वर ओढलं. रुग्णवाहिकेत त्यांनी डोळे उघडले.

आठवड्यानं ते पत्नीसह भाकरवडीचा पुडा घेऊन निरुपमांच्या घरी आले. कौशल्याबाईंना सगळी हकिगत तेव्हाच कळली. त्या उठल्या, चहा करून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिकडे तुम्ही गॅसचा वास काढून टाकता, मग आपल्या शेगडीच्या गॅसला वास कसा?"

"तो नंतर मुद्दाम घालतात, आई. गळती कळावी म्हणून."

"म्हणजे एकीनं काढायचा, दुसऱ्यानं घालायचा. चांगला धंदा आहे."

उदयसिंहराव खोकला येईस्तोवर हसले.

पुढच्या रविवारी निजामपुऱ्याला लेकीकडे गेल्यावर कौशल्याबाईंनी ही गोष्ट शेजारणींना गुजरातीत रंगवून सांगितली. सुनेनं ओढून काढलेली माणसं एकाची तीन झाली होती. निरुपमा शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही.