न वाचलेली ओळ

भूमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी झाडलोट करते. माझी नात इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांतली यंत्रं तपासते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पुन्हा पडदा धरला तर तो लेसरच्या ठोक्यांनी फोडतात. एका ठोक्यात किती जोर आहे, हे मोजायचं छोटं मीटर तिच्याकडं आहे. ते वायरनं लॅपटॉपला जोडायचं आणि एकेक हुकूम टाइप करायचा. सांगितलं तेवढंच ते करतं. राहिलेलं विचारत नाही.

काम करताना तिच्या डोळ्यांवर गडद चष्मा असतो, खोलीत अंधार. म्हणून हुकमांचा कागद दारातल्या उजेडात धरून मी वाचते, बाहेरगावीही मीच. माझी शाळा तिसरीपर्यंत, तिनं सगळं मराठी अक्षरांत लिहून दिलंय.

त्या दिवशी ईट गावाहून माझी धाकटी जाऊ आली होती. तिचा एक डोळा लहानपणीच काटा लागून गेलेला. उरलेल्यावर लेसर मारायचा होता.

"अक्का, तुमी कंपौंडर कवा झालाव?"

"तोंड मिट. ओळ चुकंल माझी."

चुकलीच. मला कळलं नाही.

मीटरनं आकडा निम्मा दाखवला. "मशीन कमजोर पडलंय," म्हणत नातीनं त्याचा जोर वाढवला. डॉक्टरांनी जावेला बसवलं, हनुवटी टेकवली.

नात मीटरच्या तोंडावरची काच काढून डबीत ठेवत होती. मीटर जळू नये म्हणून ही काच निम्मा जोर अडवते. काच लावलीय हे मीटरला सांगावं लागतं, मग ते आकडा दुप्पट करून दाखवतं. काच बघून आठवलं, ती ओळ मी वाचलीच नव्हती. डॉक्टरांचं बोट बटणावर होतं.

"हात काढा," मी म्हणाले.

"काय झालं, मावशी?"

"काचेची ओळ राहिली."

काच परत लावली, हुकूम दिला, मोजलं. जोर दुप्पट निघाला.

"माझा डोळा गेला असता का?" जावेनं विचारलं.

"गेला असता," मी म्हणाले.

"मग नीट वाचा की. माझ्याकडं दुसरा न्हाय."

नातीनं चष्मा काढला. "आजी, गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावी आपण मोजलं. तिथं काचेची ओळ वाचली होतीस का?"

मला आठवेना. तिथंही मशीन कमजोर निघालं होतं. तिथंही तिनं जोर वाढवला होता.

तिनं तिथं फोन लावला. उचलणारी बाई म्हणाली, डॉक्टर आत आहेत, पेशंट बसलाय.

"आत जा. त्यांना थांबवा."

"कोण बोलतंय?" बाईनं विचारलं. नातीनं सांगितलं. बाई म्हणाली, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही.