नऊ दगड, नऊ पट्ट्या आणि नागपूर

नागपूरला जायचं ठरलं ते एका बादलीमुळे.

माझे नागपूरचे मामा खाणीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. जिथे बदली होईल तिथला दगड घरी आणायचा आणि यंत्रावर त्याच्या चकत्या काढायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. त्यांच्यापासून तो मला लागला. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी नऊ चकत्या मला नाशिकला पाठवून दिल्या. बहुतेक सगळ्या जास्परच्या, म्हणजे गारगोटीच्या कुळातल्या पण आरपार न दिसणाऱ्या रंगीत दगडाच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलने दगडाच्या गावाचं नाव. सोबत चिठ्ठी होती: ‘कन्हानच्या दगडाचं मामीसाठी पेंडंट कर. बाकीचे तुझे.’

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा कन्हान नदीवर फिरायला गेले, तेव्हा मामीने उचललेला हा गोटा. याचं पेंडंट करून देतो, असं मामा पंचेचाळीस वर्षं सांगत आले होते.

चकत्यांना कापतानाचं तेल लागलेलं होतं. मी नको तिथे हुशारी केली. बादलीभर गरम पाण्यात साबणाची पूड टाकून सगळ्या चकत्या भिजत घातल्या. सकाळी दगड लख्ख झाले होते आणि नऊ पट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या. नावं होती, दगडही होते, पण कोणाचं नाव कोणतं ते गेलं. त्यात लाल चकत्या दोन, अगदी जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा. दगड चुकीचा कापला की परत जोडता येत नाही. फोनवर हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून फेब्रुवारीतलं रेल्वेचं तिकीट काढलं.

दगड घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी एक सूचना. चकत्या एकावर एक आडव्या रचू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडणीत ताटं लावतो तशा उभ्या ठेवा. नाशिकरोडहून संध्याकाळची गाडी धरली तर सकाळी नागपूर येतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे मिळतात. तर्री बाजूला मागून घ्या, मी थेट वरून घेतली आणि मामांच्या घरी पोहोचेपर्यंत नाक पुसत होते.

मामांपुढे चकत्या मांडल्या आणि पट्ट्यांचं पाकीट ठेवलं. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काहून धुतले वं?”

“तेल होतं, मामा.”

“तेल तं राहतेच. तेलानं दगडाचं काय बिघडून राहिलं होतं?”

तेवढ्यात हात पुसत मामी बाहेर आली. दोन लाल चकत्यांपैकी एक तिने सरळ उचलली.

“हाच माहा. एवढं काय त्याच्यात? मी उचललेला दगड मले ओळखू नाही येणार का?”

मामांनी ती चकती हातात घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. मामीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो. हाच.”

माझा जीव भांड्यात पडला. ती चकती रुमालात बांधून मी आधी पर्समध्ये टाकली.

बाकीच्यांसाठी अख्खी दुपार गेली. मध्ये मामीचा गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, झाला, वरून फोडणीचं तेल घेऊन. तुमच्याकडेही बिननावाचे दगड असतील तर मामांची पद्धत सांगते. खिळ्याने ओरखडा उठला तर तो जास्पर नाही, जास्परवर उलट खिळ्याचीच करडी रेघ उमटते. उन्हात धरल्यावर पातळ कडेतून उजेड आला तर तो अकीक. आमच्या नवांत एक तसा होता, आणि मामांना ते आधीपासून माहीत होतं. पण गाव ओळखायचं कसं?

“तू कापलेलं तोंडच पाहून राहिली,” मामा म्हणाले. “कड पाह्य. नदीचा गोटा बाहेरून घासून घासून गुळगुळीत होते. खाणीतला तुटका राहते, खरबरीत.”

आठांपैकी सहा चकत्यांना त्यांनी नावं दिली. उरल्या एक पिवळी आणि दुसरी लाल. पिवळीबद्दल त्यांना खात्री नव्हती. लालला त्यांनी हातही लावला नाही. “राहू दे तो,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अंदाजाने लावूया की. त्यावर मात्र चिडले.

“अंदाजानं नाव लावायचं नाही. माहीत नसन तं कोरा ठेव. खोट्या नावाचा दगड घरात ठेवण्यापरीस फेकून दिलेला बरा.”

दुसऱ्या दिवशी महाल या जुन्या वस्तीत गेले. तिथल्या एका गल्लीत मामांच्या ओळखीचे एक भाऊ नगिने घासतात. गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका, ऑटोसुद्धा तोंडाशीच सोडतो. भाऊंनी चकती घेतली, कडेला बोट लावलं.

“कुठचा हा?”

“कन्हानचा.”

“बरं,” ते म्हणाले, मला करवतीपुढे बसवलं आणि पाण्याची धार सोडली.

चकतीच्या मधोमध मी ॲल्युमिनियमच्या तारेने लंबगोल आखला. ती रेघ पाण्याने जात नाही, हे मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. आखलेल्या भागाजवळ केसासारखी एक चीर होती. “जोर नका लावू, दगडाले त्याच्या चालीनं येऊ द्या,” भाऊ म्हणाले. चिरेच्या अलीकडून पातं गेलं आणि लंबगोल अखंड सुटला. मग तो लाखेने काडीला चिकटवून, वरून फुगीर आणि खालून सपाट घासायचा. पॉलिश होऊन दोऱ्यासाठी भोक पडेपर्यंत चार तास गेले आणि माझी बोटं सुजली. ओल्या दगडातून काळपट लाल लाटा वर आल्या तेव्हा मी खूप खूश होते. भाऊंनी चहाशिवाय काही घेतलं नाही, पण ती मामांची पुण्याई. तुम्ही जाल तेव्हा मजुरी आधी ठरवा.

तिसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीआधी वेळ होता म्हणून सिटी बसने कामठीवरून कन्हानला गेले. पुलाजवळ उतरून पात्रात जाता येतं. चपला जाड हव्यात. वाळूत गोटे पडलेले असतात, लाल, पिवळे, मातकट. मी सात-आठ उचलले. सगळे साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत.

पर्समध्ये कालच्या चकतीची उरलेली कड होती. ती काढून शेजारी धरली. बाहेरची बाजू खरबरीत, ठिकऱ्या उडालेली. हा दगड कधी नदीत नव्हताच.

मामांच्या घरी परतले तर आदल्या रात्री दिलेलं पेंडंट मामीने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं आणि शेजारच्या काकूंना दाखवत होती. “कन्हानचा हाय. माह्या हातानं उचललेला.”

मी मामांना गॅलरीत नेलं आणि ती कड त्यांच्या हातात ठेवली.

“मामा, हा खाणीतला आहे.”

“उमरेडकडचा.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अंगठा फिरवला तवाच समजलं.”

“मग बोलला का नाहीत? खरा तर तिथेच पडला होता.”

मामांनी आत पाहिलं. काकूंना पेंडंट नीट दिसावं म्हणून मामी खिडकीच्या उजेडात उभी राहिली होती.

“पंचेचाळीस वर्षं मी नुसतं करून देतो म्हणत राहिलो,” ते म्हणाले. “अन् आता तिले सांगू, का तुले तुहाच दगड ओळखू नाही आला?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बादलीत मी पट्ट्या धुतल्या नसत्या तर मामांवर ही वेळ आलीच नसती.

“कन्हानची पट्टी कशावर लावू?” मी विचारलं.

“तिच्यावाल्या तुकड्याले लाव.”

“आणि दुसरा?”

“कोरा ठेव.”

नाशिकला येऊन सगळं जागेवर लावलं. खरबरीत कडेच्या त्या तुकड्यावर मामांच्या अक्षरातली ‘कन्हान’ पट्टी आहे. ‘उमरेड’ अजून पाकिटातच आहे. गुळगुळीत कडेची लाल चकती खिडकीत असते. हिची पट्टी कुठे गेली, असं दगड पाहायला आलेलं कोणी ना कोणी विचारतंच. कुठला दगड आहे माहीत नाही, असं मी सांगते.