पुढे ढकलायचं बटण

मला कुणी काही विचारलं नाही तरी मी उत्तर देतो. आमच्या नागपुरात याला खोड म्हणतात, बायको याला रोग म्हणते. अमेरिकेत चँडलरला चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागलो तेव्हाही तीच गत. मीटिंगमध्ये समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर. पण इतकं बोलूनही त्या मंडळींपैकी कुणी आम्हाला घरी म्हणून कधी बोलावलं नव्हतं. म्हणून शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर जेव्हा म्हणाला, "शनिवारी आम्ही वाळवंटात नेमबाजीला जातो, माझे वडीलही येतात, तुम्ही दोघं या ना," तेव्हा मी हरखलोच. इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोला पुडाच्या वड्या करायला लावल्या.

"बंदुका उडवायला चाललो आपण, की मुलगी बघायला?" ती म्हणाली. पण वड्या केल्या.

नव्वदच्या दशकातली ती गोष्ट. गावाबाहेर कच्चा रस्ता संपतो तिथे एका टेकाडाच्या पायथ्याशी या नव्या मित्रानं पिकअप उलटा लावला होता. मागची फळी पाडून तिच्यावर रायफल ठेवलेली, समोर सोड्याचे रिकामे कॅन मांडलेले. त्याचे वडील घडीच्या खुर्चीवर बसले होते. उंच, वाळलेले, मोजकं बोलणारे. व्हिएतनामच्या लढाईवर जाऊन आलेले, हे मित्रानं मला आधीच सांगितलं होतं. ते स्वतः बंदुकीला हात लावत नसत, मुलाबरोबर नुसते यायचे.

रायफल अर्धस्वयंचलित होती. पहिली गोळी तेवढी आपण चढवायची, पुढच्या आपोआप चढतात. त्यासाठी मागचं हँडल ओढायचं, की बोल्ट पुढे येऊन गोळी नळीत बसवतो आणि मागून दार लावतो. माझा बोल्ट काही पुरता बसेना. चाप ओढला तर नुसतं टक्क. मित्रानं उजव्या बाजूचं एक गोल बटण दाखवलं. त्यावर तळहातानं ठोकलं की अडलेला बोल्ट उरलेलं अंतर पुढे सरकतो. ठोकलं, गोळी सुटली. गोळ्यांच्या दुसऱ्या मॅगझिनला पुन्हा तेच, तिसऱ्यालाही तेच.

"गंमत आहे," मित्र म्हणाला. "इतक्या वर्षांत मला हे बटण एकदाही लागलं नाही. शोभेचं आहे ते."

झालं! माझं इंजिन सुरू झालं. शोभेचं कसं? अरे, मला तर दर वेळी लागतंय! जे यंत्र अडू शकतं, त्याला हातानं रेटायची सोय हवीच. ज्यानं हे बटण बसवलं तो शहाणा, आणि ज्याला ते नको तो मूर्ख. असं बरंच काही मी बोललो. म्हातारे मान वर करून ऐकत होते. मला वाटलं, प्रभाव पडतोय.

मित्र मात्र माझ्या हाताकडे बघत होता. "एक मिनिट. तू हँडल ओढून सोडत का नाहीस? धरून हळूच पुढे का नेतोस?"

कारण कॉलेजात छात्रसेनेत असताना आमच्या हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल असायची. तिचा बोल्ट दर गोळीला हातानंच पुढे न्यायचा, आणि जरा आपटला की उस्ताद ओरडायचे, "सरकारी माल है, बाप का नहीं!" ती सवय हातात राहिली होती. इथे स्प्रिंगचा जोर लागायला हवा होता आणि मी तर लाडानं बोल्टला पाळण्यात निजवत होतो. मित्रानं हँडल ओढून सोडून दिलं. खाड्‌कन बोल्ट बसला. बटणाची गरजच नव्हती.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं माझी बायको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसायचं ना मग? नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मीही हसत म्हणालो, "माझीच चूक. आमचे उस्ताद म्हणायचेच, रायफल अडली तर दोष रायफलीचा नसतो, शिपायाचा असतो."

मित्राचं हसू मावळलं. त्यानं बुटांकडे बघितलं आणि कॅन पुन्हा मांडायला निघून गेला. बायको वड्यांचा डबा काढायला आमच्या गाडीकडे गेली.

"तिकडे लढाईवर आम्हालाही तेच सांगायचे," म्हातारे म्हणाले. "तुम्ही साफ ठेवत नाही म्हणून अडते." मग जरा थांबून म्हणाले, "तू इंजिनिअर ना? समज, एकाकडे हे बटण नसलेली रायफल होती आणि ऐन वेळी ती अडली. बटण असतं तर तो वाचला असता?"

मला फक्त एवढंच कळत होतं की मघाशी माझ्याकडून काहीतरी वावगं बोललं गेलंय आणि आता यांना बरं वाटेल असं बोलायला हवं. वडीलधाऱ्या माणसाला आपण हो म्हणतो. लहानपणापासून तेच शिकलो.

"नक्कीच, सर. शंभर टक्के वाचला असता."

त्यांनी मान हलवली. "बटणवाल्या रायफली थोड्याच आल्या होत्या. एक मी उचलली. माझा दोस्त रांगेत माझ्या मागे होता, त्याच्या वाट्याला जुनी आली."

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकलो.

"सकाळी तो सापडला तेव्हा रायफल उघडलेली होती. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी नळीतच चिकटून बसलेली. नळी साफ करायची सळई त्याच्या हातात होती."

आणि तेव्हा, विचारलं त्यानंतर कितीतरी वेळानं, माझं डोकं चालू झालं. पुंगळी आत चिकटली होती. ती मागे निघायला हवी होती, म्हणून तर तो पुढून सळईनं ठोसत होता. बटण पुढे ढकलतं! पुढे काही ढकलायचं नव्हतंच. शंभर बटणं असती तरी फरक पडला नसता.

"नाही, सर, नाही! मी चुकलो," मी म्हणालो. त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसलो, वाळूत बोटानं नळी काढली, पुंगळी काढली, बोल्ट कुठल्या बाजूला जातो ते दाखवलं. "तुमची रायफल त्याच्या हातात असती तरी ती तशीच अडली असती. बटणाचा काही संबंधच नाही. आईशपथ!" शेवटचं मराठीतच निघालं. माझा आवाज चिरकत होता. आयुष्यात इतकं नेमकं आणि इतकं खरं मी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू भला माणूस आहेस, पोरा. मला बरं वाटावं म्हणून धडपडतोयस. पण पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू सरळ मनानं उत्तर दिलंस. तेच खरं."